हात खरा की यंत्र? माठाच्या पाण्यातून एडीसीच्या इनपुटची ओळख



उन्हाळा लागला की सातवीच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "बाई, माठातलं पाणी गार कसं होतं?" बाष्पीभवनाचं उत्तर पुस्तकात आहेच. या वेळी ठरवलं, उत्तर सांगायचं नाही, मुलांना मोजायलाच लावायचं. शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी आणलेला अर्डुइनो उनो बोर्ड होता. त्याला एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणि एडीएस१११५ हे छोटं मॉड्यूल जोडलं.

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर आकडा आला, ५७.३१४. म्हणजे माठातलं पाणी ५७ अंश! मुलांनी मुकाट्याने वहीत लिहून घेतलं. एकच मुलगी उठली, "बाई, हात घालून बघू का?" आणि मी काय म्हणाले असेन? "यंत्र हातापेक्षा अचूक असतं गं, लिही तू."

पाच मिनिटांनी लक्षात आलं, सेन्सरची वायर ब्रेडबोर्डमध्ये नीट बसलीच नव्हती. मोकळ्या पिनवर तरंगणारं व्होल्टेज आम्ही 'तापमान' म्हणून लिहीत होतो, तेही तीन दशांश स्थळांपर्यंत! त्या मुलीचा हात बरोबर होता, चूक माझी होती. वर्गात तसं सांगितलं आणि मग हा पाठ तयार झाला.

एडीसी म्हणजे काय?

एडीसी म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर. एलएम३५ तापमानानुसार व्होल्टेज देतो, दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट. ३० अंशाला ३०० मिलिव्होल्ट. पण बोर्डाला फक्त आकडे कळतात. व्होल्टेजचा आकडा करून देणारी मोजपट्टी म्हणजे एडीसी.

उनोची स्वतःची मोजपट्टी १० बिटची. ती ५ व्होल्टचे १०२४ भाग करते. एक भाग जवळजवळ ४.९ मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण अर्धा अंश. एडीएस१११५ ही १६ बिटची, म्हणून भाग ६५,५३६. त्यातले निम्मे ऋण बाजूला आणि निम्मे धन बाजूला. पट्टीवरच्या रेघा जास्त जवळजवळ आहेत, इतकंच समजायचं. पण ही पट्टी कुठे आणि कशी धरायची, ते आपणच सांगावं लागतं. यालाच इनपुट कॉन्फिगर करणं म्हणतात.

ठरवायच्या चार गोष्टी

१) कोणाच्या तुलनेत मोजायचं?
मॉड्यूलवर ए० ते ए३ अशा चार पिना असतात. एक पिन जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या तुलनेत मोजली तर ते एकेरी इनपुट. असे चार सेन्सर लावता येतात, पण पट्टीची फक्त धन बाजू वापरली जाते, ० ते ३२,७६७. दोन पिनांमधला फरक मोजला तर ते फरकाचं, म्हणजे डिफरन्शियल इनपुट. अशा दोन जोड्या मिळतात. आपण काहीच सांगितलं नाही तर ही चिप ए० आणि ए१ यांच्यातला फरकच मोजते, हे लक्षात असू द्या.

आमचा प्रश्न होता, स्टीलच्या कळशीपेक्षा माठातलं पाणी किती गार? प्रश्नच फरकाचा आहे! म्हणून कळशीतला सेन्सर ए० ला आणि माठातला ए१ ला लावला. दोन्हींचं ग्राउंड एकच ठेवलं.

२) पट्टी केवढी घ्यायची?
धान्याच्या काट्यावर अंगठी ठेवली तर आकडा हलत नाही आणि सोनाराच्या काट्यावर पोतं ठेवता येत नाही. इथेही तसंच. पट्ट्या आणि त्यांचा एक भाग असा:

±६.१४४ व्होल्ट : १८७.५ मायक्रोव्होल्ट
±४.०९६ व्होल्ट : १२५ मायक्रोव्होल्ट
±२.०४८ व्होल्ट : ६२.५ मायक्रोव्होल्ट
±१.०२४ व्होल्ट : ३१.२५ मायक्रोव्होल्ट
±०.५१२ व्होल्ट : १५.६२५ मायक्रोव्होल्ट
±०.२५६ व्होल्ट : ७.८१२५ मायक्रोव्होल्ट

आमचा फरक पाच-सात अंशांचा, म्हणजे ५० ते ७० मिलिव्होल्ट. म्हणून शेवटची, सगळ्यात छोटी पट्टी घेतली. तिच्यात २५ अंशांपर्यंतचा फरक मावतो. त्याहून जास्त झाला तर आकडा ३२,७६७ वर अडकून बसतो. असा अडकलेला आकडा दिसला की मुलांनी ओळखायचं, पट्टी संपली.

३) किती घाईने मोजायचं?
ही चिप सेकंदाला ८ पासून ८६० पर्यंत मोजमापं घेते. काही सांगितलं नाही तर १२८. माठ काही पळून जात नाही! आम्ही ८ ठेवली. सावकाश मोजलं की आकड्यांची थरथर कमी होते. शिवाय घरच्या विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुणही बरीचशी गाळली जाते.

४) काय करायचं नाही?
±६.१४४ ची पट्टी आहे म्हणून पिनेला ६ व्होल्ट देऊ नका. पिनेवरचं व्होल्टेज चिपला दिलेल्या व्होल्टेजपेक्षा फार तर ०.३ व्होल्ट जास्त चालतं आणि ग्राउंडच्या खालीही तेवढंच. ९ व्होल्टची बॅटरी थेट लावली तर चिप जाईल. फरक मोजतानाही दोन्ही पिनांना हा नियम लागू आहे. पालकांनो, घरी करून बघणार असाल तर हे आधी वाचा. आणि भिंतीवरच्या प्लगची वीज याला कधीही, कोणत्याही कारणाने जोडायची नाही.

आधी एकाच पाण्यात

सेन्सर थेट पाण्यात घालायचा नाही. आम्ही प्रत्येक सेन्सर एका परीक्षानळीत काचेला टेकवून बसवला आणि नळी पाण्यात उभी केली. आकडा स्थिर व्हायला दहा मिनिटं दिली.

माठाकडे जाण्याआधी दोन्ही नळ्या एकाच भांड्यातल्या पाण्यात ठेवल्या. मुलांना विचारलं, "आता किती यायला हवं?" सगळे म्हणाले, "शून्य!" आलं ७६८.

मग फळ्यावर गणित केलं. ७६८ × ७.८१२५ = ६००० मायक्रोव्होल्ट, म्हणजे ६ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.६ अंश. पाणी एकच, तरी फरक ०.६! कारण सेन्सर जुळे नसतात. एलएम३५ मध्ये साधारण अर्ध्या अंशाची चूक असू शकते. चिप त्या चुकीचे कितीही बारीक तुकडे करून दाखवेल, पण चूक जाणार नाही. रेघा बारीक असणं वेगळं आणि माप खरं असणं वेगळं. या पाठातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

मग एक नळी कळशीत, एक माठात. आकडा आला ७९३६. मुलांनी स्वतः गुणाकार केला, ६२ मिलिव्होल्ट, ६.२ अंश. त्यातून सुरुवातीचे ०.६ वजा केले, ५.६ उरले. वहीत किती लिहायचं यावर चांगलाच वाद झाला. शेवटी ठरलं, "माठातलं पाणी सुमारे साडेपाच अंशांनी गार." तीन दशांश स्थळं कोणीच मागितली नाहीत.

वर्गात हे प्रश्न जरूर विचारा

• वायर काढून टाकली तर आकडा शून्य येईल का? काढून बघा.
• दोन्ही सेन्सरची जागा बदलली तर आकड्याचं चिन्ह काय होईल? का?
• फरक मोजायला ±६.१४४ ची पट्टी घेतली तर एक भाग किती अंशांचा होईल?

आणि शेवटचं. हा प्रयोग करायला मॉड्यूल नसलं तरी चालेल, दोन साधे तापमापक घ्या. आधी एकाच पाण्यात ठेवा, फरक लिहा, मगच मोजा. पद्धत तीच.

माठापाशी त्या दिवशी आकडा वाचायच्या आधी मी त्या मुलीला बोलावलं. "आधी हात घाल आणि सांग." तिने हात घातला, कळशीतही घातला. म्हणाली, "बाई, माठ गार आहे, पण किती ते हाताला नाही सांगता येत." यंत्र कशासाठी लागतं, याचं इतकं नेमकं उत्तर मला डी.एड.ला असतानाही मिळालं नव्हतं.

तुमच्या शाळेत करून बघा आणि मुलांनी काय काय विचारलं ते नक्की कळवा.