शेतीकामाच्या जीपसाठी उन्हाचा छज्जा कसा निवडावा?

उन्हाकडे तोंड करून दूरवरचे पाहावयाचे झाल्यास शेतकरी कपाळावर हात आडवा धरतो. हाताची ती सावली डोळ्यांवर पडताच बांधापलीकडचे जनावर किंवा वाटेने येणारा माणूस स्पष्ट दिसू लागतो. मोटारगाडी चालविणाऱ्याचे दोन्ही हात मात्र कामात गुंतलेले असतात. म्हणून कपाळावरच्या हाताचे काम करण्यासाठी समोरच्या काचेच्या वरच्या कडेवर, बाहेरच्या अंगाने, एक आडवी पट्टी बसविण्यात येते. चालक तिला ‘व्हायजर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला उन्हाचा छज्जा असे म्हटले आहे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाला आणि त्या योजनेबरोबर जीपगाडी खेड्यापाड्यांत पोहोचली. आज तिच्या जोडीला बोलेरो, थार यांसारख्या गाड्या गावोगाव दिसतात. बियाणे व खते नेणे, मजूर पोहोचविणे, बाजारास जाणे, शिवारफेरी करणे ही कामे या गाड्या करतात. त्या डांबरी सडकेवर धावतात, तशाच ओढ्यात उतरतात आणि टेकडीही चढतात. शहरातल्या गाडीस शोभणारा छज्जा या गाड्यांस उपयोगी पडेलच असे नाही, याचे कारण हेच होय. अनेकजण छज्जा केवळ शोभेसाठी घेतात. अयोग्य छज्जा उन्हापासून फारसे रक्षण करीत नाहीच, उलट चालकाची नजर अडवितो. सबब निवड करण्यापूर्वी त्याचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

धोका केव्हा असतो?

दुपारचे ऊन प्रखर असले तरी ते चालकाच्या डोळ्यांत शिरत नाही. गाडीचे छतच ते अडविते. खरा धोका सकाळ-संध्याकाळच्या कलत्या उन्हाचा असतो. पुणे-सोलापूर रस्त्याचे उदाहरण घेऊ. सोलापूरहून पुण्याकडे जाताना या रस्त्याचा एकंदर रोख पश्चिमेच्या किंचित उत्तरेस आहे. मे-जून महिन्यांत सूर्यही साधारणपणे त्याच दिशेस मावळतो. याच्या उलट, डिसेंबरमध्ये सकाळी पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्या चालकाच्या समोर सूर्य उगवत असतो. तो काळ ऊसतोडीचा. रस्त्याच्या कडेने उसाच्या बैलगाड्या चालत असतात, ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि तोडणी कामगारांची मुले वाटेने ये-जा करीत असतात. अशा वेळी डोळे दिपलेल्या चालकास पुढची बैलगाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरहून अधिक अंतर कापते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन सेकंदांच्या आंधळेपणाची किंमत काय पडू शकते हे सांगावयास नको.

छज्जा किती ऊन अडवितो?

याचा हिशेब सोपा आहे. चालकाच्या डोळ्यांपासून दोन अंतरे मोजावीत : काचेची वरची कड डोळ्यांच्या पुढे किती आहे, आणि डोळ्यांच्या वर किती आहे. समजा, कड ६० सेंटिमीटर पुढे आणि २० सेंटिमीटर वर आहे. म्हणजे छज्जा नसताना नजरेचा चढ तिनास एक असा झाला. सूर्य या रेषेच्या वर असेल तर छतामुळे दिसत नाही, खाली आला की डोळ्यांत शिरतो.

आता त्याच कडेपासून २० सेंटिमीटर पुढे येणारा सरळ आडवा छज्जा बसविला, तर पुढची कड डोळ्यांपासून ८० सेंटिमीटर अंतरावर जाते आणि चढ चारास एक होतो. तोच छज्जा पुढे ४ सेंटिमीटर खाली झुकविला, तर उंची १६ सेंटिमीटर राहते आणि चढ पाचास एक होतो.

याचा कालावधीशी संबंध पाहू. मार्च व सप्टेंबरच्या उत्तरार्धात पुण्याच्या अक्षांशावर पहिल्या स्थितीत, म्हणजे छज्जा नसताना, सूर्योदयानंतर सुमारे ७८ मिनिटे ऊन समोरून डोळ्यांत येऊ शकते. आडव्या छज्ज्याने ही वेळ सुमारे ५९ मिनिटांवर येते, आणि झुकत्या छज्ज्याने सुमारे ४८ मिनिटांवर. सायंकाळी सूर्यास्तापूर्वीचा हिशेबही हाच. डिसेंबर व जून महिन्यांत शेवटचा आकडा आणखी चार ते सहा मिनिटांनी वाढतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. छज्ज्याने सुमारे अर्ध्या तासाचा त्रास वाचतो, हा त्याचा खरा लाभ होय. परंतु सूर्योदयानंतरची आणि सूर्यास्तापूर्वीची पाऊण तासाची वेळ, जी सर्वांत धोक्याची, तिच्यावर छज्ज्याची मात्रा चालत नाही. त्या वेळी गाडीच्या आतील झडप खाली घेणे, काच स्वच्छ ठेवणे आणि वेग कमी करणे हेच उपाय आहेत.

फार खोल छज्जा का नको?

वरील हिशेब पाहून कोणी म्हणेल, छज्जा आणखी खाली झुकविला तर पाऊण तासाचा प्रश्नही सुटेल. सपाट सडकेवर हे काही अंशी खरे आहे. ओढ्याच्या उतारावर मात्र तोच छज्जा घातक ठरतो.

पाचास एक अशा उताराने गाडी ओढ्यात उतरत आहे, असे समजा. गाडीचे नाक जेवढे खाली झुकते तेवढाच छज्जाही खाली येतो. पाचास एक चढाची नजर ठेवणारा छज्जा या उतारावर चालकाच्या डोळ्यांच्या अगदी समपातळीत येऊन ठेपतो. समोरच्या काठावर, डोळ्यांच्या पातळीहून वर, बैलगाडी उतरू लागली असेल तर ती चालकास दिसत नाही. छज्जा याहून खोल असेल तर ओढ्याच्या पलीकडची वाटही नजरेआड होते. घाण्याच्या बैलास झापड बांधतात, कारण त्याला ठराविक वर्तुळातच फिरावयाचे असते. गाडीच्या चालकास तशी झापड बांधून चालणार नाही.

चढावर याच्या उलट घडते. पाचास एक चढ सूर्याकडे तोंड करून चढताना गाडीचे नाक आणि छज्जा दोन्ही वर उचलले जातात, आणि सपाटीवर ज्या सूर्यास छज्जा अडवीत होता तो आता सरळ डोळ्यांसमोर येतो. तात्पर्य, चढावर छज्जा निरुपयोगी आणि उतारावर, तो खोल असल्यास, धोक्याचा ठरतो. म्हणून कच्च्या वाटेच्या गाडीस बेताचा छज्जा घ्यावा, अथवा खुंटी सैल करून वर उचलता येईल असा बिजागरीचा घ्यावा.

भिंतीसमोरची चाचणी

छज्जा विकत घेण्यापूर्वी पुढील चाचणी घ्यावी. तीस खर्च नाही, आणि गावातील चालकांस एकत्र बोलावून ती प्रात्यक्षिक म्हणूनही दाखविता येते.

१. सपाट जागी गाडी भिंतीसमोर अशी उभी करावी की चालकाचे डोळे भिंतीपासून ५ मीटर अंतरावर येतील.

२. चालकाने नेहमीप्रमाणे बसावे. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीवर खडूने एक रेघ ओढावी. तिच्या वर बरोबर १ मीटर अंतरावर दुसरी रेघ ओढावी.

३. घेऊ इच्छिणाऱ्या छज्ज्याच्या मापाचा जाड पुठ्ठा कापून काचेच्या वरच्या कडेवर दोरीने बांधावा. गाडी या वेळी चालवू नये.

४. चालकाने मान न वाकविता पाहावे. वरची रेघ दिसत असेल तर छज्जा चालेल. ती झाकली जात असेल तर तो खोल आहे, असे समजावे.

५. गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाने हीच चाचणी द्यावी. वरील उदाहरणातील चालकाहून दुसऱ्याचे डोळे ५ सेंटिमीटर उंच असतील, तर त्याच झुकत्या छज्ज्याखालून त्यास १ मीटरऐवजी सुमारे ६९ सेंटिमीटरपर्यंतच दिसेल. सबब माप नेहमी सर्वांत उंच चालकाचे धरावे. बुटक्या चालकास त्यामुळे थोडे अधिक ऊन लागेल, परंतु कोणाचीही वाट झाकली जाणार नाही.

कोणता पदार्थ चांगला?

लोखंडी पत्रा मजबूत व स्वस्त असतो, गावच्या कारागिराकडून करूनही घेता येतो. मात्र रंग उडाला की तो गंजतो, आणि पातळ असल्यास खडखडतो. ॲल्युमिनियम हलके व न गंजणारे असते. परंतु सततच्या हादऱ्यांनी स्क्रूच्या भोकांपासून त्यास तडे जाऊ लागतात. फायबरचा छज्जा हलका असून त्यास हवा तो आकार देता येतो. त्याच्या कडा चिरल्या आहेत काय हे वरचेवर पाहावे. रंगीत पारदर्शक ॲक्रिलिक दिसावयास चांगले, परंतु ते ठिसूळ असते. पॉलिकार्बोनेट सहजी फुटत नाही; तथापि त्यावर ओरखडे पडतात आणि संरक्षक थर नसल्यास उन्हाने ते पिवळे पडते. पारदर्शक छज्ज्यातून सूर्याचे तेज कमी होते, नाहीसे होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

पदार्थ कोणताही असो, छज्ज्याची खालची बाजू चमक नसलेल्या काळ्या रंगाची असावी. तशी नसल्यास बॉनेटवरून उलटणारा प्रकाश छज्ज्यावर आपटून पुन्हा डोळ्यांत येतो. पुढची कड धारदार न ठेवता वळवून गोल करावी. अपघातात ती माणसास लागू शकते, आणि गाडी धुणाऱ्याचा हातही तिच्यावर कापू शकतो.

वारा आणि बसवणी

छज्जा हा वाऱ्यास अडविणारा पत्रा आहे. १४० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद पत्रा वाऱ्यास पूर्णपणे सामोरा आल्यास ताशी ६० किलोमीटर वेगास त्यावर स्थूलमानाने ५ किलो वजनाइतका दाब पडतो, आणि ८० किलोमीटरला सुमारे ९ किलो. वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. झुकत्या छज्ज्यावर हा दाब कमी असला तरी काचेवरून वर चढणारा वारा त्यास खालून उचलतो. म्हणून दोन टोकांस आधार पुरेसा नाही. मध्येही एक आधार असावा. छज्जा व काचेची चौकट यांमध्ये दोन-अडीच सेंटिमीटरची फट ठेवल्यास वारा निसटून जातो. त्या फटीतून सूर्य दोन-तीन मिनिटे डोकावेल, त्याने बिघडत नाही.

काचेच्या चौकटीस शक्य तो नवीन भोके पाडू नयेत. भोकातून पाणी शिरून चौकट आतून गंजते, आणि काचेजवळ ड्रिल चालविताना काच तडकण्याचाही संभव असतो. छताच्या पन्हळीस किंवा गाडीच्या मूळ बोल्टास पकडणारी बसवणी अधिक चांगली. जुन्या जीपची समोरची काच पुढे निजविता येते. तशी ती निजविल्यावर छज्जा बॉनेटवर आदळत नाही ना, हे पाहावे. वायपर वरच्या चौकटीवर असल्यास त्याचा हात मोकळा फिरला पाहिजे. नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असल्यास तो झाकला जाऊ नये.

कायद्याची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० अन्वये समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. उन्हाच्या त्रासावर उपाय म्हणून समोरची काच काळी करणे योग्य नव्हे. तिन्हीसांजेस व रात्री तीच काच अपघातास कारण होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ मध्ये वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध आहेत. म्हणून छज्जा घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी, आणि गाडी बनविणाऱ्या कारखान्याने त्या गाडीसाठी पुरविलेला छज्जा मिळत असल्यास त्यास प्राधान्य द्यावे. शासकीय गाडीस कार्यालयाच्या लेखी परवानगीवाचून काहीही बसवू नये.

काचेची निगा

चांगला छज्जा बसविला आणि काच मात्र धुळीने माखलेली ठेवली, तर सर्व श्रम व्यर्थ होत. कलते ऊन धुळीच्या प्रत्येक कणावर व वायपरच्या प्रत्येक ओरखड्यावर चमकते, आणि सबंध काच पांढऱ्या पडद्यासारखी दिसू लागते. काच बाहेरून जशी पुसावी तशी आतूनही पुसावी. आतील बाजूचा चिकट थर सहसा लक्षात येत नाही. कोरड्या धुळीवर वायपर फिरवू नये, आधी पाणी टाकावे. वायपरचे रबर कडक झाले की ते बदलावे. छज्ज्याच्या किमतीपुढे हा खर्च अल्प आहे, आणि लाभ मात्र दररोजचा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील गाडीमालक व चालक यांस एकत्र जमवून भिंतीसमोरची चाचणी करून दाखवावी. त्याच वेळी बैलगाड्या व ट्रॉल्या यांच्या मागील बाजूस प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या लावल्या आहेत काय, हेही पाहावे. या पट्ट्या रात्रीच्या दिव्यात उपयोगी पडतात. समोर उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचे ऊन असताना त्यांवर विसंबून राहता येत नाही, हे चालकांस समजावून द्यावे. अशा वेळी समोरची वाट दिसेनाशी झाल्यास गाडी हळू करावी, आणि गरज पडल्यास रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागी घेऊन थांबवावी. पाऊण तासात ऊन डोळ्यांवरून सरते. तेवढा उशीर झाला तरी बाजार मिळतो.