शिवसागर आणि वासोटा: परतीच्या लाँचपासून मागे मोजा

वासोटा गडाचा बेत आखताना बहुतेक जण चढाईचा विचार करतात. किती तास, किती अवघड, वर पाणी आहे का? चढाई तशी मध्यम आहे, नेहमी डोंगरात जाणाऱ्याला ती जड जात नाही. बेत फसतो तो पाण्यावर. बामणोलीहून गडाच्या पायथ्याशी जायचं तर शिवसागर ओलांडावा लागतो, अंधारापूर्वी त्याच पाण्यावरून परतावं लागतं, आणि गडावर मुक्कामाला बंदी आहे. म्हणून ही सहल ट्रेक म्हणून न आखता जलप्रवास म्हणून आखायची. मधल्या वेळात गड बसला तर बसवायचा.

पाणी कधी कुठे असतं

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. कोयनानगरपासून उत्तरेला तापोळ्यापर्यंत तो डोंगरांच्या बेचक्यांतून पसरलेला आहे. तापोळ्याजवळ कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचं पाणी एकत्र येतं. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. पावसाळ्यात भरलेलं हे पाणी पुढे वर्षभर बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे जातं आणि सिंचनासाठी पूर्वेलाही सोडलं जातं. त्यामुळे काठ एका जागी राहत नाही. पावसाळा संपताना झाडीला टेकलेलं पाणी उन्हाळ्यात बरंच खाली उतरतं आणि मध्ये तांबड्या मातीचा उघडा उतार राहतो. लाँच लागते त्या जागेपासून रानाच्या कडेपर्यंतची ही चाल दोन्ही वेळा मोजावी लागते, आणि मे महिन्यात ती दुपारच्या उन्हातच वाट्याला येते.

गड कोयना अभयारण्यात आहे आणि पावसाळ्यात ते बंद असतं. ते उघडल्यावर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ हिरवाईचा, पाणीही काठोकाठ. फक्त ओल्या रानात जळवा असतात. पायमोजे उंच घाला, पिशवीत मीठ किंवा तंबाखू ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचा, मात्र सकाळी पाण्यावर धुकं आणि बोचरी थंडी असते. लाँचवर वारा लागतो, म्हणून कानटोपी आणि जर्किन चढाईला नको असलं तरी घ्याच. मार्चनंतर जायचं तर गड सोडून नुसता जलविहार करावा.

पहिला दिवस: बामणोली गाठा

साताऱ्याहून कास पठारामार्गे बामणोली ४० किलोमीटरच्या आत आहे. रस्ता अरुंद आणि वळणाचा. कासला फुलांचा हंगाम असेल, तर शनिवार-रविवारच्या गर्दीत हाच रस्ता दुप्पट वेळ खातो. एसटीने यायचं असेल तर साताऱ्याच्या स्थानकावर वेळा विचारूनच निघा. फेऱ्या मोजक्या आहेत. महाबळेश्वरकडून येणाऱ्यांना तापोळा जवळ पडतं. तिथूनही लाँच मिळते.

दुपारपर्यंत पोहोचलात की तीन कामं उरका. एक, वनखात्याच्या परवान्याची चौकशी. कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. परवान्याशिवाय पलीकडे पाय ठेवता येत नाही. ओळखपत्र सगळ्यांचं लागेल असं धरून चाला आणि कार्यालय सकाळी किती वाजता उघडतं ते नक्की विचारा, कारण दुसऱ्या दिवसाची सुरुवात त्यावर ठरते. दोन, बोट क्लबमध्ये लाँच ठरवा. भाडं माणशी नसतं, बोटीमागे असतं. चौघांच्या गटाला ते महाग पडतं, म्हणून आदल्या संध्याकाळी दुसरा छोटा गट शोधून भाडं वाटून घेतलेलं बरं. लाँच तिकडे थांबणार किती वेळ आणि उशीर झाल्यास जादा किती, हे आधीच बोलून घ्या. तीन, रोख पैसे आणि फोन. पाण्यावर आणि रानात नेटवर्कचा भरवसा नाही, तेव्हा घरी परतीची वेळ इथूनच कळवा.

मुक्कामाला काठावर तंबू आहेत, गावात घरगुती सोयही होते. जेवण सांगताना सकाळच्या डब्याचंही सांगून ठेवा, कारण पलीकडे काही विकत मिळत नाही.

दुसरा दिवस: उलटं गणित

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बामणोलीच्या धक्क्याला पाचपर्यंत लागायचं हे पक्कं धरा. लाँचला सव्वा ते दीड तास, म्हणजे पायथ्याहून साडेतीनला निघायला हवं. उतरायला दोन तास धरले तर गड दीडला सोडायचा. वर दीड तास हवा, म्हणजे बाराला माथ्यावर. चढाईला अडीच तास, म्हणजे साडेनऊला चालायला सुरुवात, आणि बामणोलीहून आठला लाँच. यात कुठेही चहाची अर्धी घटका शिल्लक नाही. परवाना नऊला मिळाला, तर तो तास गडावरच्या वेळातून कापा, परतीच्या वेळेला हात लावू नका.

लाँच मेट इंदवलीला लागते. हे गाव आता उठलेलं आहे. वनखात्याची चौकी तिथे पिशव्या तपासते, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेते. परतताना तेवढ्या दाखवल्या की पैसे परत. पुढे ओढ्याकाठी मारुती-गणपती आहेत. पाणी तिथे भरून घ्या, मधल्या चढावर भरवसा नाही. नंतर दाट रान. गवे, अस्वलं यांचा हा मुलूख. मोठ्याने गाणी नकोत, वाट सोडणं नको. वरच्या टप्प्यात नागेश्वरच्या गुहेची वाट फुटते. दोन्ही एका दिवसात जोडायचा मोह होतो, पण वरच्या गणितात नागेश्वर बसत नाही.

गडावर मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, वाड्याची जोती आणि चुन्याचा घाणा. शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धात हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी इथे कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये गड इंग्रजांनी घेतला. पश्चिमेला कोकणात कोसळणारे कडे, त्यातला बाबूकडा इंग्रजी 'यू' अक्षरासारखा वळलेला. त्याच्या समोर जुना वासोटा. पूर्वेला आपण ओलांडून आलेलं पाणी दिसतं. त्यावर लाटा उठलेल्या दिसल्या तर ठरल्या वेळेच्या थोडं आधीच उतरायला लागा.

लाँचवर

लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे बांधा. मांडीवर ठेवलेलं उपयोगाचं नाही. फोटोसाठी सगळे एका अंगाला धावले की लाँच कलते. दुपारनंतर वारा वाढतो, पाणी उसळतं, परतीचा प्रवास सकाळपेक्षा सावकाश होतो. कॅमेरा, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. पोहायला उतरू नका: काठ गाळाचा आणि एकदम खोल होणारा, खाली बुडालेल्या झाडांचे बुंधे. चालक 'आज नको' म्हणाला, तर पैसे वाढवून घासाघीस करू नका.

परवाना मिळाला नाही किंवा सकाळ हातची गेली, तर दिवस वाया जात नाही. तापोळ्याकडचा संगम आणि दत्तमंदिर अर्ध्या दिवसात होतं, घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलंही सोबत येऊ शकतात. बेतात हा पर्याय पहिल्यापासून लिहून ठेवा आणि गटातल्या प्रत्येकाला निघण्यापूर्वीच सांगा. मग गड सोडायची वेळ आलीच, तर पायथ्याशी वाद होणार नाही.