गोल्फ रिसॉर्टचा मुक्काम आणि मॉरिसव्हिलची मराठी घरे

गोल्फ रिसॉर्टवर राहायला खोली मिळते, पण तिथला खरा माल म्हणजे मैदानावरची वेळ. अठरा होलच्या, म्हणजे खळग्यांच्या, मैदानावर साधारण दर दहा मिनिटांनी चौघांचा एक गट खेळ सुरू करतो. त्या ठरलेल्या वेळेला टी टाइम म्हणतात. दिवसाच्या उजेडात अशा मोजक्याच वेळा बसतात आणि एका फेरीला चार ते साडेचार तास लागतात. गवत, पाणी, वाळू, यंत्रे आणि माणसे यांवर वर्षभर होणारा खर्च या वेळांतून आणि त्यांना जोडलेल्या खोल्यांतून वसूल होतो. म्हणून घरातले कोणीच खेळणार नसेल, तर खोलीच्या भाड्याचा बराच भाग पाय ठेवायची मुभा नसलेल्या हिरवळीसाठी जातो. बुकिंगला बसण्याआधी घरात एकच प्रश्न विचारावा : खेळणार कोण, आणि किती फेऱ्या?

मॉरिसव्हिलमध्ये हा प्रश्न वरचेवर निघतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या वेक काउंटीतले हे गाव जेरेमाया मॉरिस यांनी १८५२ मध्ये रेल्वेला दिलेल्या जमिनीवर उभे राहिले. १९५९ मध्ये शेजारी रिसर्च ट्रायँगल पार्क स्थापन झाले, विमानतळ तर कुंपणालाच लागून, आणि पुढच्या काळात संगणक व औषध कंपन्यांत नोकरीला आलेली भारतीय कुटुंबे इथे स्थिरावली. २०२० च्या जनगणनेत गावाची वस्ती तीस हजारांच्या आत-बाहेर होती, आणि चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. एवढे क्रिकेट अंगात असलेल्या घरांत गोल्फ शिरतो तो ऑफिसमधून, सहकाऱ्यांच्या शनिवारच्या गप्पांतून. मग पुण्या-नाशिकहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, लॉन्ग वीकेंड जवळ येतो, आणि ‘जवळच एवढे मोठे ठिकाण आहे, तिथेच दोन रात्री राहू’ असे ठरते.

जवळचे मोठे ठिकाण म्हणजे पाइनहर्स्ट. मॉरिसव्हिलहून नैर्ऋत्येला सुमारे सत्तर मैल, यूएस-१ महामार्गाने सॅनफर्डवरून सव्वा तासाच्या आसपासची वाट. बॉस्टनचे जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी सोडा फाउंटनच्या धंद्यात पैसा मिळवला आणि १८९५ मध्ये इथली झाडे तोडून उजाड झालेली रेताड जमीन एकरी साधारण एका डॉलरने विकत घेतली. थंडीला कंटाळलेल्या उत्तरेकडच्या लोकांसाठी आरोग्यधाम उभारावे, हा त्यांचा मूळ विचार. गावाची आखणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या कचेरीने केली. वळणावळणाचे रस्ते आणि मधोमध मोकळी हिरवी जागा आजही तशीच आहे. होली इन हे हॉटेल १८९५ च्या अखेरीस आणि द कॅरोलिना हे मोठे हॉटेल १९०१ मध्ये उघडले. स्कॉटलंडच्या डॉर्नक गावचे डोनाल्ड रॉस १९०० मध्ये इथे आले. त्यांचे ‘नंबर दोन’ मैदान १९०७ मध्ये पूर्ण झाले, तरी १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यावर हात फिरवत राहिले.

नंबर दोनची ख्याती त्याच्या ग्रीनमध्ये आहे. खळगा ज्यावर असतो तो गवताचा तुकडा इथे कासवाच्या पाठीसारखा उंचवट्याचा आहे. बरोबर मधे न पडलेला चेंडू घरंगळून खाली जातो. १९९९, २००५, २०१४ आणि २०२४ या वर्षी गोल्फची यूएस ओपन स्पर्धा इथे झाली. १९९९ मध्ये पेन स्टुअर्ट यांनी शेवटच्या होलवर पंधरा फुटांचा पुट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, घालून ती जिंकली आणि चारच महिन्यांनी विमान अपघातात ते गेले. अठराव्या ग्रीनपाशी त्यांचा पुतळा आहे. २०१४ मध्ये पुरुषांची आणि महिलांची स्पर्धा पाठोपाठच्या आठवड्यांत याच मैदानावर झाली. मार्टिन कायमर आणि मिशेल वी विजयी ठरले. त्याआधी, २०१०-११ मध्ये, बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी सुमारे ३५ एकर पाणीपिते गवत काढून तिथे मूळची वाळू आणि तारेसारखे देशी गवत परत आणले. गालिच्यासारख्या हिरव्यागार मैदानाची कल्पना मनात धरून येणाऱ्याला हे पिवळट, रेताड काठ आधी अपुरे वाटतात. प्रत्यक्षात मैदानाचे खरे रूप तेच आहे, आणि दुष्काळी मुलखातून आलेल्या मराठी माणसाला पाणी वाचवणारी ही दुरुस्ती मनापासून पटावी.

पुढचा अनुभव मात्र पाइनहर्स्टचा नव्हे. मॉरिसव्हिलचे एक मराठी कुटुंब, नवरा-बायको, दोन मुले आणि पुण्याहून आलेले आजी-आजोबा, राज्याबाहेरच्या एका गोल्फ रिसॉर्टवर दोन रात्री राहिले. खेळणारा एकटा नवरा, तोही वर्षभरापूर्वी शिकलेला. पहिल्या पहाटे आजोबा रोजच्या शिरस्त्याने फिरायला निघाले. दारासमोर दवाने भिजलेली हिरवळ पसरलेली, माणूस नाही, कुंपण नाही. ते चप्पल काढून फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या मुख्य गवतपट्टीवर, चालू लागले. दहा मिनिटांत एक कर्मचारी गाडीतून आला, त्यांना बसवून परत आणले आणि बोलला तेही सभ्यपणेच. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपण चोरासारखे पकडले गेलो असे वाटले, आणि उरलेला मुक्काम ते खोलीबाहेर फारसे पडले नाहीत. चूक कोणाची, हे शोधण्यात अर्थ नाही. मैदान म्हणजे बाग नव्हे, हे आदल्या संध्याकाळी कोणी सांगितले असते तर एवढे झाले नसते.

त्या मनाईमागे सबळ कारण आहे. जोरात मारलेला चेंडू ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने येऊ शकतो, आणि मारणाऱ्याला वळणापलीकडचा माणूस दिसतही नाही. ‘फोर!’ अशी आरोळी ऐकू आली तर वर बघायचे नाही. डोके हातांनी झाकून खाली वाकायचे. मुलांना आणि आजी-आजोबांना हे पोहोचल्याबरोबर शिकवावे. पहाटे फिरण्यासाठी वेगळी पायवाट आहे का, हेही बुकिंग करतानाच विचारावे. बऱ्याच ठिकाणी ती असते, पण नकाशावर ठळक दाखवलेली नसते.

दुसरा धक्का बिलाचा. रिसॉर्टवर खोलीच्या दराखेरीज रोजचे ‘रिसॉर्ट शुल्क’ असते. इंटरनेट, व्यायामशाळा, तलाव, मैदानापर्यंतची गाडी हे सगळे त्यात येते, वापरा वा न वापरा. मे २०२५ पासून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार असे सक्तीचे शुल्क जाहिरातीतल्या दरातच मिळवून दाखवावे लागते. सरकारी कर मात्र त्या आकड्याबाहेर ठेवता येतात. नॉर्थ कॅरोलिनात राज्याचा विक्रीकर ४.७५ टक्के, त्यावर काउंटीचा हिस्सा, आणि खोलीवर मुक्कामाचा कर निराळा. उदाहरणादाखल हिशेब मांडला तर तीनशे डॉलरची खोली दोन रात्रींसाठी ६००, चाळीस डॉलरप्रमाणे रिसॉर्ट शुल्क ८०, या दोहोंवर कर साडेबारा टक्के धरला तर ८५, आणि गाडी लावून देणाऱ्या सेवेचे रोज पंचवीसप्रमाणे ५०. असे ८१५ डॉलर चहाचा घोट घेण्याआधीच होतात. हा हिशेब घरी कागदावर मांडावा. खोल्या दोन लागणार असतील, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्या लागतातच, तर तो दोनदा मांडावा.

गोल्फ पॅकेजचा दर बहुधा माणशी असतो आणि तो एका खोलीत दोघे राहतील असे धरून काढलेला असतो. त्या कुटुंबाने हे वाचले नाही. पत्नीच्या नावावरही दोन फेऱ्यांचे पैसे लागले, आणि ती एकही खेळली नाही. न खेळणाऱ्यांचा दर बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो, पण तो मागावा लागतो. प्रसिद्ध मैदानासाठी पॅकेजवर अधिभारही पडतो. पाइनहर्स्टच्या नंबर दोनचेही तसेच आहे. शिवाय साध्या हॉटेलचे आरक्षण एक-दोन दिवस आधी रद्द करता येते, तर गोल्फ पॅकेजला दोन ते चार आठवड्यांची मुदत असू शकते आणि आगाऊ रक्कम परत मिळेलच असे नाही. ज्यांच्या घरी व्हिसा, विमान आणि वडीलधाऱ्यांची तब्येत यांवर सगळे बेत अवलंबून असतात, त्यांनी ही अट दरापेक्षाही आधी वाचावी.

हंगामाचा विचार अमेरिकेत नव्याने आलेल्यांकडून राहून जातो. या भागातल्या मैदानांवर बर्म्युडा जातीचे गवत असते. ते थंडीत झोपी जाते आणि डिसेंबर ते मार्च तपकिरी दिसते. त्या दिवसांत दर उतरतात, ते काही उगाच नाही. खेळायला मात्र तेव्हाही चांगले असते, फक्त पहाटे दहिवर गोठले तर सुरुवात तासा-दोन तासांनी लांबते. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीस पाइनचे पिवळे पराग गाडीवर, खिडकीवर, नाकात साचतात. मॉरिसव्हिलकरांना हे अंगवळणी पडलेले असते, दम्याच्या पाहुण्याला नसते. उन्हाळ्यात ग्रीनला भोके पाडून त्यांत वाळू भरतात. मुळांना हवा मिळण्यासाठी ते आवश्यक असले तरी पुढचे काही दिवस चेंडू उड्या मारत जातो. हे काम कोणत्या आठवड्यात आहे, ते फोनवर विचारले की सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांची वादळे येतात. भोंगा वाजला की मैदान सोडायचे, आणि बुडालेल्या खेळाबद्दल बहुधा पैशांऐवजी पुन्हा खेळण्याची पावती मिळते. दूरच्या पाहुण्याला तिचा उपयोग कमी. पाऊस होऊन गेला की गोल्फची गाडी गवतावर नेऊ देत नाहीत, ती डांबरी वाटेवर ठेवून चेंडूपर्यंत चालावे लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे लक्षात ठेवावे.

नवशिक्याने थेट नामांकित मैदानावर जाणे टाळावे. मागे चौघे आणि त्यांच्यामागे आणखी चौघे ताटकळत असतात, मैदानावरचा देखरेख्या ‘जरा भरभर’ असे सांगून जातो, आणि पैसे मोजून विकत घेतलेला दिवस घाईत संपतो. केरी, एपेक्स, डरम इथल्या सार्वजनिक आणि पार-तीनच्या (तीन फटक्यांत संपणाऱ्या होलांच्या) छोट्या मैदानांवर आधी दहा-पंधरा फेऱ्या झाल्या की निम्मी भीती जाते. पाइनहर्स्टलाच ‘द क्रेडल’ नावाचे नऊ होलचे मैदान २०१७ मध्ये झाले. त्याची एकूण लांबी ७८९ यार्ड. शेजारी ‘थिसल डू’ हे फक्त पुटिंगचे अठरा होलचे मैदान आहे. मुलांना आणि पहिल्यांदा काठी धरणाऱ्या आजीलाही तिथे गोडी लागते. पोशाखाचा नियम बहुतेक ठिकाणी सारखाच : कॉलरचा शर्ट, जीन्स नाही, बुटाला धातूचे खिळे नाहीत. गोल्फची गाडी चालवायला परवाना लागतो आणि नुकसान झाले तर भरपाईची सही आधीच घेतलेली असते, म्हणून ती मुलांच्या हाती देऊ नये.

जेवणाची गोष्ट त्या कुटुंबाच्या आजीमुळे कळली. मेनूवर ‘भाजी’ म्हणून असलेले कॉलर्ड ग्रीन्स तिने आनंदाने मागवले. पालेभाजी दिसली याचाच आनंद होता. दक्षिणेकडे ही भाजी परंपरेने डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर शिजवतात. दुसऱ्या घासाला तिला वास आला आणि तिने पान बाजूला सारले, त्या रात्री केळ्यावर राहिली. वाढणाऱ्याची यात फसवणूक नव्हती. त्याच्या लेखी ती भाजीच होती. या प्रदेशात उकडलेल्या शेंगांत बेकन, सूपमध्ये कोंबडीचे पाणी आणि बिस्किटात लार्ड असू शकतो. ‘व्हेजिटेरियन’ एवढे सांगून भागत नाही. मांस, मांसाचे पाणी आणि चरबी यांची नावे घेऊन विचारावे, आणि तेही आरक्षणाच्या वेळी, म्हणजे स्वयंपाकघराला तयारीला वेळ मिळतो. ग्रिट्स हे मक्याच्या कण्यांचे मऊ सांज्यासारखे खाणे लोण्या-मिठाबरोबर मागितले तर सहसा चालते, पिमेंटो चीजचे सँडविचही चालते. चतुर्थी किंवा एकादशी मुक्कामात येते का, हे कालनिर्णयावर आधी पाहावे. दशम्या, कोरडी चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू डब्यात असले की वडीलधारी निश्चिंत राहतात. खोलीत पाणी उकळायला किटली असतेच असे नाही. कॉफीच्या यंत्रातल्या पाण्याला कॉफीचा वास राहतो आणि त्याचा चहा बिघडतो. छोटी किटली बरोबर असावी.

बक्षिशीसाठी सुटे पैसे लागतात. कॅडीचे, म्हणजे काठ्या घेऊन सोबत चालणाऱ्या मदतनिसाचे, मानधन आणि बक्षीस बहुतेकदा रोखच द्यायचे असते आणि पॅकेजात धरलेले नसते. आकडा खेळ सुरू होण्यापूर्वी विचारण्यात कमीपणा नाही. चांगला कॅडी ग्रीनचा उतार वाचून देतो, आणि नवख्याला त्या पैशांचे मोल पहिल्या तीन होलांतच कळते. जेवणाच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरले आहे का, ते पाहूनच खालची मोकळी ओळ भरावी. त्या कुटुंबाने दोन्ही रात्री वीस टक्के दोनदा दिले.

खेळणारा एकच असेल, तर पाइनहर्स्टसारखे गाव दिवसभराच्या सहलीनेही पाहता येते. पेन स्टुअर्ट यांचा पुतळा, टफ्ट्स संग्रहातले रॉस यांचे नकाशे, २०२४ मध्ये इथे परत आलेले वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेम, लांबपानी पाइनच्या सावलीतले रस्ते हे सारे सकाळी निघून संध्याकाळी घरी परतण्याच्या बेताचे आहे. मुक्काम करायचाच तर आजी-आजोबांसाठी ओसरीजवळची, तळमजल्याची खोली मागावी. त्या कुटुंबाच्या आजींना सगळ्या मुक्कामात आवडली ती एकच जागा : ओसरीवरची झुलती खुर्ची. तिथे बसून त्यांनी नातवाला घड्याळ न बघता दोन तास गोष्टी सांगितल्या.

निघताना बिल काउंटरवर उभे राहूनच, ओळ न ओळ वाचावे. खोलीत शिरताना कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवलेली असते. डेबिट कार्ड दिले असेल तर ती सुटायला काही दिवस लागतात आणि तेवढ्यात घरभाड्याचा हप्ता अडू शकतो, म्हणून क्रेडिट कार्डच द्यावे. चुकीची आकारणी नंतर लक्षात आली तर आधी रिसॉर्टला लेखी कळवावे. तिथे दाद लागली नाही तर, ती आकारणी असलेले पहिले मासिक बिल पाठवल्यापासून साठ दिवसांच्या आत बँकेकडे पत्र पोहोचायला हवे. संघीय कायद्याने कार्डधारकाला तेवढी मुदत दिली आहे. पावत्या तोवर जपून ठेवाव्यात.