दोन पेपरांच्या मधला वेळ

डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची आठवीची प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. महाराष्ट्रात ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि कर्नाटकात कर्नाटक लोकसेवा आयोग. कर्नाटकातील मुलांना त्यासाठी बंगळूर गाठावे लागते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी मुले राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने नाहीतर रात्रीच्या बसने आपल्या शहरात येतात, आणि परीक्षा जवळ आली की आम्हा शिक्षकांचे फोन वाजू लागतात. "सर, पोराला घेऊन येतोय. केंद्र सापडेल ना?"

केंद्र सापडते. पोराची तयारीही बहुधा चांगलीच असते. दोन पेपरांच्या मधल्या वेळात त्याला कसे सांभाळायचे, हे मात्र पालकांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून या वेळच्या मराठी पानावर तेवढाच विषय घेतो.

आधी दिवस कसा असतो ते पाहू. अलीकडच्या वेळापत्रकाप्रमाणे सकाळी साडेनऊ ते अकरा गणित, २०० गुण. बारा ते एक सामान्य ज्ञान, ७५ गुण. दुपारी अडीच ते साडेचार इंग्रजी, १२५ गुण. (प्रवेशपत्रावर छापलेली वेळ तीच खरी, ती नीट वाचावी.) लेखी परीक्षा ४०० गुणांची, तीत उत्तीर्ण झालेल्यांची पुढे ५० गुणांची तोंडी परीक्षा. प्रत्येक विषयात किमान निम्मे गुण हवेत.

आता वेळेचा हिशेब करा. मूल लिहिते साडेचार तास आणि मोकळे असते अडीच तास. कोणत्याही एका पेपरापेक्षा हा मोकळा वेळ मोठा आहे. पेपरांच्या वेळी मूल पर्यवेक्षकाच्या ताब्यात असते, मोकळ्या वेळात ते आपल्या ताब्यात असते. म्हणजे या परीक्षेत पालकांचाही एक पेपर असतो, अडीच तासांचा.

त्या पेपरात मी स्वतः नापास झालेलो आहे, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी बहीण तिच्या मुलाला घेऊन बेळगावहून आमच्याकडे आली. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर मी गेलो, कारण मामा मिलिटरी शाळेत शिकवतो, त्याला सगळे ठाऊक, असा घरच्यांचा समज. अकरा वाजता भाचा बाहेर आला.

"कसा गेला?"

"बरा गेला. एक गणित अडलं."

"कुठलं?"

इथेच मी थांबायला हवे होते. गणित टाकी आणि नळांचे होते. मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ते मांडले, त्याला त्याची रीत विचारली, पुन्हा मांडले आणि वीस मिनिटांत सिद्ध करून दाखवले की त्याचे उत्तर चुकले आहे. मला समाधान वाटले. तो गप्प झाला. मी म्हटले, जाऊ दे, पुढच्या पेपरकडे लक्ष दे. दुपारचा इंग्रजीचा पेपर देऊन आला तेव्हा निबंध अर्ध्या पानावर संपवलेला होता. रात्री जेवताना तो आपल्या आईला म्हणाला, "आई, मी दिवसभर त्या टाकीतच होतो." त्या खेपेला तो लेखी परीक्षेतून पुढे गेला नाही. कारण एवढे एकच होते असे मी म्हणणार नाही, पण टाकीत त्याला ढकलले कोणी, हे मला ठाऊक आहे.

पेपर गोळा झाला की त्यातला एक गुणही आपल्या बोलण्याने वाढत नाही वा कमी होत नाही. मग आपण "कसा गेला?" का विचारतो? आपला जीव खालीवर होत असतो म्हणून. तो प्रश्न मुलासाठी नसतो, आपल्या धीरासाठी असतो. शिवाय मुलाच्या उत्तरावर भरवसाही ठेवता येत नाही. जे उदाहरण अडले तेच बाहेर आल्यावर डोक्यात घोळते, जी सरळ सुटली ती आठवतही नाहीत. चांगला पेपर लिहिलेले मूलही म्हणूनच पडल्या चेहऱ्याने बाहेर येते, आणि तो चेहरा पाहून बापाचा चेहरा पडतो. मूल मग बापाकडे बघते.

गणिताच्या पेपरानंतर एक हिशेब मुलाच्या हाताशी असावा. तोंडीसह एकूण गुण ४५०. गणिताचे २०० झाले. उरले २५०. म्हणजे सर्वांत मोठा पेपर संपला तरी अर्ध्याहून जास्त परीक्षा अजून व्हायची असते. हा हिशेब परीक्षेच्या आठवडाभर आधी मुलाकडूनच करवून घ्या. त्या दिवशी केंद्राच्या दारात सांगितला तर ती नुसती समजूत वाटते, आणि समजूत कोणती आणि हिशेब कोणता हे बारा वर्षांच्या मुलाला चांगले कळते.

बारावीच्या छात्रांनो, एन.डी.ए.च्या लेखी परीक्षेलाही हेच लागू आहे. सकाळी अडीच तास गणित, ३०० गुण. दुपारी अडीच तास सामान्य क्षमता चाचणी, ६०० गुण. मध्ये दीड तास. पुढे एस.एस.बी. ९०० गुणांची. १८०० पैकी १५०० गुण गणितानंतरचे आहेत, आणि तरी साडेबारा वाजता दाराबाहेर उत्तरे जुळवण्यासाठी घोळका जमतोच. त्या घोळक्यापासून शंभर पावले लांब उभे राहा. सैनिक शाळांच्या प्रवेश परीक्षेत पेपर एकच असतो, त्यामुळे मधली सुट्टी नाही. पण सहावीच्या त्या प्रश्नपत्रिकेतही ३०० पैकी १५० गुण गणिताचे आणि बाकीचे भाषा, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान यांचे. तिथे दोन विभागांच्या मध्ये पेन खाली ठेवून दोन दीर्घ श्वास घ्यायचे, एवढीच सुट्टी आपली आपण घ्यायची.

मूल बाहेर आल्यावर पहिला प्रश्न भुकेचा विचारा, किंवा काहीच विचारू नका. हातात पाण्याची बाटली द्या आणि चालू लागा. त्याला स्वतःहून बोलायचे असेल तर बोलू द्या. ऐकून घ्या, सोडवू नका. रडू आले तर "रडतोस काय, सैनिक व्हायचंय ना?" हे वाक्य कृपा करून टाळा. पाच मिनिटांत रडू ओसरते. त्याची लाज वाटायला लावली तर ती इंग्रजीच्या पेपरापर्यंत सोबत येते. आणि घरून येणारे फोन! आजोबा, काका, क्लासचे सर, सगळ्यांनाच अकरा वाजून पाच मिनिटांनी कळायला हवे असते. आदल्या दिवशीच सर्वांना सांगून ठेवा की पाच वाजेपर्यंत फोन लागणार नाही, आणि खरोखरच बंद ठेवा.

खाण्याचे साधे आहे. पहिल्या तासात थोडेच द्यावे, एखादे येलक्की केळे, राजगिऱ्याचा लाडू, घोट घोट पाणी. स्वच्छतागृहात जाऊन येणे विसरू नये, पावणेबाराला रांग लागते. दुपारी जेवण, पण रोजच्यापेक्षा कमी आणि रोजचेच. दहीभात किंवा पोळी-भाजी पुरे. बंगळूरला आलोच आहोत तर मसाला डोसा खाऊ घालू, हा बेत संध्याकाळसाठी ठेवा. तेलकट पोटाने अडीच वाजता डोळे मिटू लागतात. बेळगावचा कुंदाही तोवर डब्यातच राहू द्या.

सोबत एक जुनी चादर घ्या. दुसऱ्या सुट्टीत सावलीत ती पसरून मुलाला पंधरा-वीस मिनिटे आडवे होऊ द्या. झोप लागली नाही तरी चालेल. लांब कूचीत सैनिकांना ठरावीक अंतरावर थोडा विसावा देतात. त्या वेळात जवान बूट सैल करतो, पाणी पितो, पाय उंच ठेवतो. मागे किती मैल झाले याची चर्चा तेव्हा कोणी करत नाही. मुलांना ही गोष्ट सांगितली की चादरीवर पडायची लाज वाटत नाही. रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी केंद्रावर उतरलेल्या मुलाची झोप मात्र या वीस मिनिटांत भरून निघणार नाही. शक्य असेल तर एक दिवस आधी यावे.

अभ्यास अजिबात करायचा नाही का? करायचा, पण नवे काही नाही. सामान्य ज्ञानासाठी आठवडाभर आधी मुलाने स्वतःच्या हाताने एक पान तयार करावे. त्यात त्याला आधीच येणाऱ्या, पण अधूनमधून निसटणाऱ्या गोष्टी असाव्यात. मधल्या तासात ते पान एकदा वाचावे आणि पेपरच्या वीस मिनिटे आधी ठेवून द्यावे. त्या वेळी वडिलांनी खिशातून चालू घडामोडींची जाडजूड पुस्तिका काढली तर मुलाला एवढेच कळते की आपल्याला किती येत नाही.

इंग्रजीचे वेगळे आहे. या पेपरात निबंध, पत्र, उतारा, व्याकरण असे लिहायचे भरपूर, तेही दिवसातल्या सर्वांत लांब पेपरात आणि थकल्यावर. त्याआधीचा दीड तास मूल आपल्याशी मराठीत बोलत असते. म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत भाषा बदलावी. ओळखीचा एक उतारा त्याने मोठ्याने वाचावा, मग एखाद्या निबंधाचे तीन मुद्दे इंग्रजीत तोंडी सांगावेत. मागे एक शेतकरी पालक मला म्हणाले, "सर, मला इंग्रजी येत नाही, मी काय करणार?" तुम्ही ऐका. वाचताना मूल अडखळले की नाही हे ऐकायला इंग्रजी यावे लागत नाही. उलट दुरुस्त करणारा कोणी समोर नसला की मूल मोकळे वाचते.

हे सारे घरी एकदा तरी करून पाहायला हवे. सराव परीक्षा सगळेच घेतात, पण एक पेपर झाला की लगेच तपासायला बसतात, आणि मधल्या वेळाचा सराव राहूनच जातो. दोन रविवार निवडा. त्याच वेळा, तोच डबा, तीच चादर, आणि साडेचार वाजेपर्यंत एकही पेपर तपासायचा नाही. पहिल्या रविवारी हे मुलापेक्षा आपल्यालाच जड जाते, हे लक्षात येईल.

मधला वेळ कधी सहा महिन्यांचाही असतो. या परीक्षेसाठी सत्र सुरू होताना वय साडेअकरा ते तेरा वर्षांच्या दरम्यान लागते, म्हणजे मुलाला फार तर तीन संधी मिळतात. (२०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे, तेव्हा मुलींच्या आईवडिलांनीही हे वाचावे.) जूनमध्ये जमले नाही तर डिसेंबर असतो. या काळात तीच पुस्तके पुन्हा पुन्हा वाचून फारसे हाती लागत नाही. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोग करून दाखवले की धडा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले. तेव्हा दर शनिवारी एक कोरा कागद द्या आणि आठवडाभरातले जे आठवते ते लिहायला सांगा. जे लिहिता आले नाही, तेवढाच रविवारचा अभ्यास. तोंडी परीक्षेची वाट पाहतानाही हेच करावे, फक्त कागदाऐवजी बोलून. रोज पाच मिनिटे, समोर घरातले कोणीही. आपले गाव, आपले कुटुंब, आज वाचलेली बातमी यांवर न अडखळता बोलता यावे.

त्या वर्षी माझ्या बहिणीने भाच्याला पंधरा दिवस पुस्तकाला हात लावू दिला नाही. मग शनिवारचा कागद सुरू झाला. डिसेंबरात दोघे पुन्हा आले, या वेळी एक दिवस आधी. अकरा वाजता तो बाहेर आला तेव्हा मी त्याच्या हातात केळे दिले आणि आम्ही चालत राहिलो. त्याने रस्त्यावरच्या झाडांची नावे विचारली, मला दोनच आली. दुपारी चादरीवर तो गाढ झोपला आणि मी घड्याळ बघत बसलो. साडेचारनंतर, सगळे पेपर झाल्यावर, मी घाबरत घाबरत विचारले, "गणितात काय आलं होतं रे?"

"सांगतो मामा. आधी डोसा."