कंदिलाच्या उजेडांत

चित्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें फुलें, सरोवरें आणि राजेराण्यांचीं मुखें उभीं राहतात. परंतु नेत्रांस सुख देणें एवढेंच चित्रकलेचें कार्य नव्हे. मनुष्य मनुष्याशीं किती निर्दयपणें वागूं शकतो, याची साक्ष जपून ठेवणें हेंही तिचें एक कार्य आहे. या दृष्टीनें फ्रान्सिस्को गोया (१७४६–१८२८) या स्पॅनिश चित्रकाराच्या एका चित्राचा आपण विचार करूं.

इ. स. १८०८ मध्यें नेपोलियनचें सैन्य मित्र म्हणून स्पेनमध्यें शिरलें आणि धनी होऊन बसलें. २ मे रोजीं माद्रिदचे सामान्य लोक त्याविरुद्ध उठले. बंड मोडतांच फ्रेंचांनीं अनेक नागरिकांना धरून ३ मे रोजीं गोळ्या घातल्या. पुढें फ्रेंच सत्ता गेल्यावर, १८१४ सालीं, गोयानें हा प्रसंग रंगविला. सुमारें पावणेनऊ फूट उंच व साडेअकरा फूट रुंद असें हें चित्र माद्रिदच्या प्राडो संग्रहालयांत आहे.

चित्रांत रात्र आहे. जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या कंदिलाचा उजेड, गुडघे टेकलेल्या एका मनुष्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला आहे. त्यानें दोन्ही हात पसरून वर केले आहेत. उजव्या तळव्यावर ख्रिस्ताच्या खिळ्याच्या जखमेसारखी खूण दिसते. शेजारीं एक संन्यासी हात जोडून प्रार्थना करीत आहे. पुढें रक्तांत प्रेतें पडलीं आहेत, आणि मागून ज्यांची पाळी यावयाची ते तोंड झांकून येत आहेत. आतां उजवीकडे पाहावें. बंदुका रोखलेले शिपाई एका ओळींत उभे आहेत. त्यांपैकीं एकाचाही चेहरा आपणांस दिसत नाहीं. मरणारे माणसें आहेत. मारणारे मात्र एका यंत्राचे भाग झाले आहेत. जो कंदील नेम धरण्याच्या कामीं आला, त्याच्याच उजेडांत चित्रकारानें तें दुष्कृत्य जगापुढें मांडलें!

परंतु गोया हा एका पक्षाचा भाट नव्हता. युद्धाच्या अनर्थांविषयीं त्यानें ताम्रपटांवर ८२ चित्रें कोरलीं. त्यांत फ्रेंचांचे अत्याचार आहेत, माद्रिदचा दुष्काळ आहे, तसेंच फ्रेंच शिपायावर कुऱ्हाड उगारणारा स्पॅनिश मनुष्यही आहे. यांपैकीं बहुतेक चित्रें त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनीं, १८६३ सालीं, प्रसिद्ध झालीं. स्वदेशबांधवांचें क्रौर्यही न लपविणें, यास मोठें धैर्य लागतें.

आम्हां विद्यार्थ्यांना हें सर्व फार दूरचें वाटेल. तथापि घोळक्यांत मिसळून एखाद्या दुबळ्या सोबत्याचा छळ करतांना आम्हीही आपला चेहरा लपवीतच असतों. “सर्वांनीं केलें, मी एकट्यानें नव्हे,” असें आम्ही म्हणतों. त्या ओळींतील प्रत्येक शिपाईही कदाचित् हेंच म्हणाला असता. अशा वेळीं ओळींतून बाहेर पडून, कंदिलाच्या उजेडांत आपलें तोंड दाखविण्याचें बळ आपणांस लाभो.