देश, काल, पात्र: घाणेवाडीचा गाळ आणि आपला शनिवार



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

गेले काही दिवस आपण आहार, यज्ञ आणि तप यांचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन-तीन प्रकार वाचले. आज दानाची पाळी. तुमच्यापैकी बरेच जण मला विचारतात, "दादा, एखाद्या संस्थेसाठी काहीतरी करायचंय, पण वेळ मिळतो तो फक्त शनिवार-रविवार. सुरुवात कुठून करू?" मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर आजच्या तीन श्लोकांत आहे. फक्त ते आपल्याला थोडं अडचणीचं वाटेल.

श्लोक काय सांगतात

साध्या भाषेत सांगायचं तर असं: द्यायला हवं म्हणून दिलं, परतफेडीची आशा नसलेल्याला दिलं, आणि योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलं, तर ते दान सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून, फळावर नजर ठेवून किंवा मनातून कुरकुरत दिलं, तर राजस. आणि चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, अपात्री, तेही मान न ठेवता, तुच्छतेनं दिलं, तर तामस.

दान म्हटलं की आपल्याला आधी पैसे आठवतात. पण श्रमदान, रक्तदान, अन्नदान, विद्यादान हे शब्द आपल्याच भाषेतले आहेत. वेळ देणं हेही दानच. तेव्हा ही कसोटी आपल्या शनिवारालाही लागू होते.

देश, काल, पात्र. हे तीन शब्द नुसते पाठ करून कळत नाहीत. मला ते माझ्या गावच्या एका कामावरून कळले, म्हणून तेच उदाहरण घेतो.

देश

मी मूळचा जालन्याचा, मस्तगड भागातला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १७२५ मध्ये आसफजाहच्या आज्ञेनं काबिलखानानं जालन्याला किल्ला बांधला, त्यातली गढी म्हणजे मस्तगड. या गढीत एक मोठी विहीर आहे, तिच्या आत सज्जे आणि खोल्या बांधलेल्या आहेत. पुढे इथेच नगरपालिकेची कचेरी आली. म्हणजे या गावात तीनशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्यानंही पाण्याचा विचार आधी केला होता.

आमच्याकडे म्हण आहे, 'जालना सोने का पालना'. बियाण्यांचा धंदा, स्टीलच्या मिल, मोठी बाजारपेठ, सगळं आहे. फक्त पाण्याच्या बाबतीत हा पाळणा नेहमी कोरडा. शहराजवळ घाणेवाडीचा तलाव आहे. निजामाच्या काळात बांधलेला. त्याची रचना अशी की पाणी उतारानं आपोआप शहराकडे यावं, पंप लागू नये, वीज लागू नये. इंजिनीअर म्हणून मला आजही या गोष्टीचं कौतुक वाटतं. पण कितीही चांगली सिस्टिम असली तरी मेंटेनन्स लागतोच. दर पावसाळ्यात वरच्या शेतांतली माती वाहून तलावात येते आणि तळाशी बसते. वरून तलाव तेवढाच दिसतो, आत पाण्याला जागा कमी होत जाते.

२०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात ज्या जिल्ह्यांची सगळ्यात वाईट अवस्था झाली, त्यात जालना होता. शहर टँकरवर आलं. आज पैठणहून जायकवाडीचं पाणी पाइपलाइननं येतं, पण त्या दिवसांची आठवण आमच्याकडे घरोघरी आहे. त्याच काळात गावातले लोक घाणेवाडी जलसंरक्षण मंच या नावानं एकत्र आले. वर्गणी जमली, यंत्रं लागली, तलावातला गाळ निघू लागला. तो गाळ आसपासच्या शेतकऱ्यांनी आपापल्या खर्चानं ट्रॅक्टर लावून शेतात नेला.

'देश' म्हणजे ही जागा. ज्या पाण्यावर आपण वाढलो, ते जिथून येतं ती. तुम्ही आज पुण्यात हिंजवडीला राहत असाल, ठाण्यात असाल नाहीतर बंगळुरूला. तुमच्या नळाचं पाणी कुठून येतं, सोसायटीचा कचरा कुठे जातो, घरी कामाला येणाऱ्या मावशींची मुलं कुठल्या शाळेत जातात? योग्य देश शोधायला फार लांब जावं लागत नाही.

काल

आता अडचणीचा भाग. तलावातला गाळ कधी काढता येतो? पाणी आटल्यावर. म्हणजे एप्रिल-मे. जालन्यात तेव्हा ऊन किती असतं हे सांगायला नको. पहिला मोठा पाऊस झाला की काम संपलं. त्यानंतर कोणी कितीही उत्साहानं फावडं घेऊन आलं तरी उपयोग नाही.

थोडा हिशेब करू, आपल्याला आवडतो. गाळ, वाळू, मुरूम हे सगळं आपल्याकडे ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लिटरमध्ये ते साधारण २,८०० होतात. एक ब्रास गाळ बाहेर गेला की तलावात २,८०० लिटर पाण्याला जागा झाली. चार ब्रास काढले की १०,००० लिटरच्या एका टँकरपेक्षा जास्त जागा. आणि ही जागा एका वर्षापुरती नाही. पुन्हा गाळ भरेपर्यंत, तलाव जितक्या वेळा भरेल तितक्या वेळा ती कामी येते. मेमधल्या एका दुपारची ही किंमत आहे. तीच दुपार ऑगस्टमध्ये दिली तर शून्य.

म्हणून 'काल' म्हणजे मला कधी वेळ आहे, असा अर्थ होत नाही. कामाला माझी कधी गरज आहे, तो काल. आपण नेमकं उलटं करतो. आधी कॅलेंडरमधली रिकामी जागा शोधतो आणि मग संस्थेला विचारतो, "शनिवारी दहा ते बारा काही आहे का?" संस्थेतली माणसं भली असतात, ती आपल्यासाठी काहीतरी काम काढून देतात. भिंत रंगवायला देतात, रोप लावायला देतात. आपण समाधानानं घरी येतो. त्या रोपाला मेमध्ये पाणी कोण घालणार, हे आपण विचारत नाही.

आपल्या नोकरीत हे आपल्याला बरोबर कळतं. रिलीजच्या रात्री सर्व्हर पडला तर "मी उद्या सकाळी बघतो" असं कोणी म्हणत नाही. ऑन-कॉल असलेला माणूस उठतोच. गीता जे मागते ते एवढंच आहे: वर्षातून निदान एकदा देवाच्या कामासाठी ऑन-कॉल राहा.

पात्र

मराठीत 'पात्र' या शब्दाला किती अर्थ आहेत बघा. योग्य माणूस म्हणजे पात्र. भांडं म्हणजे पात्र. आणि नदीचं पात्र. जालन्यातून कुंडलिका नदी वाहते, तिच्या पात्राची अवस्था आम्ही रोज पाहतो. मला वाटतं तिन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे: पात्र म्हणजे जे धरून ठेवतं, वाया जाऊ देत नाही.

यावरून संस्था कशी निवडावी याचं उत्तर मिळतं. दिलेलं धरून ठेवणारी, पुढे पोहोचवणारी संस्था हवी. बघायचं कसं? नोंदणी आहे का, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो का, मागच्या वर्षीचं ऑडिट दाखवतात का, हे विचारा. "मागच्या वर्षी ठरवलेलं कोणतं काम झालं नाही, आणि का?" हेही विचारा. प्रामाणिक संस्था या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. असं विचारलं म्हणजे श्रद्धा कमी, असं समजू नका. भगवंतानंच पात्र बघायला सांगितलंय.

आणि घाणेवाडीच्या कामात एक गंमत आहे, ती माझ्या मनातून जात नाही. तिथे घेणारा कोण आणि देणारा कोण? शेतकऱ्याला सुपीक माती मिळाली, म्हणून तो घेणारा म्हणावा, तर डिझेल त्यानं घातलं, वाहतूक त्यानं केली. हलक्या, मुरमाड जमिनीला तो गाळ सोन्यासारखा. शहराला पाणी मिळालं म्हणून शहर घेणारं म्हणावं, तर वर्गणी शहरानं दिली. मूळ माती तर शेतातूनच वाहून आली होती, ती परत शेतात गेली. उपकार कोणी कोणावर केला हे सांगताच येत नाही. परतफेडीची भाषाच जिथे गळून पडते, ते दान सात्त्विक होण्याच्या सगळ्यात जवळ असावं. पुढे २०१७ मध्ये राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, तिचा गाभाही हाच: तलावाला नको असलेलं शेताला हवं असतं.

राजस आणि तामस, आपल्या घरातले

राजस दान ओळखायला सोपं, कारण त्याचा फोटो असतो. कंपनीचा टी-शर्ट, हातात कुदळ, संध्याकाळी पोस्ट. पूर्ण वाईट नाही, कोणाला तरी त्यातून सुचतं. १ मे २०१८ ला पानी फाउंडेशनच्या महाश्रमदानाला शहरातले हजारो 'जलमित्र' गावांत गेले, त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा घमेलं उचललं असेल. ती सुरुवात म्हणून उत्तमच. प्रश्न २ मेचा आहे. तसंच ८०जीची पावती घेणं चूक नाही, जरूर घ्या. फक्त पावती मिळणार नसती तर दिलं असतं का, हे एकदा मनाला विचारा.

तामस दान जास्त फसवं. कुठे पूर आला की आपण कपाट रिकामं करतो. फाटके कपडे, एका पायाचा बूट, मुदत संपलेली औषधं. आपलं घर स्वच्छ होतं आणि तिकडच्या कार्यकर्त्यांचा दिवस ते निवडण्यात जातो. मान न ठेवता देणं म्हणजे हेच. आपल्या क्षेत्रातलं उदाहरण देऊ? छोट्या संस्थेला "तुम्हाला ॲप बनवून देतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिला हवा असतो महिन्यातून दोनदा येऊन पावत्यांची नोंद करणारा, बँकेच्या हिशेबाशी जुळवणारा माणूस. ते काम कंटाळवाणं आहे, म्हणून त्याला कोणी नसतं. अर्धवट ॲप मात्र तसंच पडून राहतं.

घाणेवाडीच्या जलाशयाला संत गाडगेबाबांचं नाव आहे. बाबा गावात आले की आधी झाडू घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. झाडण्याच्या कामाला कोणी पुढे येत नसे, म्हणून ते त्यांनी स्वतःकडे घेतलं.

दोन नेहमीचे प्रश्न

"हे तर सरकारचं काम. मी टॅक्स भरतो." बरोबर आहे, आणि सरकारला जाब विचारायलाच हवा. पण जाब विचारणारा माणूस तलाव पाहून आलेला असेल तर त्याचा प्रश्न जास्त टोकदार होतो. दोन्ही करा.

"माझ्या एकट्याच्या दोन तासांनी काय होणार?" एका ब्रासनं तलाव खोल होत नाही हे खरं. पण तलाव भरला तोही एका पावसात भरला नव्हता, मातीच्या कणाकणानं भरला. रिकामाही तसाच होतो. याच सतराव्या अध्यायाच्या शेवटी भगवंत सांगतात की श्रद्धेशिवाय केलेलं सगळं असत्, ना इथे कामाचं ना तिथे. म्हणजे मोजमाप तासांचं नाही, श्रद्धेचं आहे. आणि श्रद्धा दिसते ती पुन्हा येण्यात.

आजची साधना

१. तुमच्या घरापासून पाच किलोमीटरच्या आत काम करणारी एक संस्था शोधा. वृद्धाश्रम, रात्रशाळा, नदी स्वच्छ करणारा गट, काहीही.

२. त्यांना फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: "वर्षातल्या कोणत्या महिन्यात तुमच्याकडे माणसं सगळ्यात कमी पडतात?"

३. तो महिना कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका. रजा लागली तर रजा टाका. कोणालाही सांगू नका, स्टेटस ठेवू नका.

४. पैसे देणार असाल तर एकदम मोठी रक्कम देण्याऐवजी दर महिन्याला ठरलेली छोटी रक्कम द्या. पगार, भाडं, वीजबिल हे संस्थेलाही दर महिन्याला असतं.

प्रार्थना

पांडुरंगा, माझ्याकडे जे आहे ते तुझंच साठलेलं आहे. ते साठून गाळ होऊ देऊ नकोस. जिथे हवं तिथे, जेव्हा हवं तेव्हा, ते माझ्या हातून वाहून ने. आणि ज्याच्याकडे ते पोहोचेल त्याच्यासमोर माझी मान झुकलेली राहू दे.

उद्याचं वाचन: अध्याय १७, श्लोक २३ ते २७. ॐ, तत् आणि सत् या तीन शब्दांचा अर्थ पाहू.

राम कृष्ण हरी.