एक चर्च, दोन मंडळ्या

घराची वाटणी झाली की भाऊ भाऊ मधे भिंत घालतात. पुढे बोलणेही तुटते. पण देवाच्या घराचीच वाटणी झाली तर?

जर्मनी देशात बाउत्सेन नावाचे गाव आहे. तिथे संत पेत्राचे मोठे चर्च आहे. पूर्वी सारा गाव तिथे एकत्र उपासना करी.

जर्मनीत मार्टिन ल्यूथर नावाचे धर्मगुरू होते. १५१७ साली त्यांनी चर्चच्या कारभारातले दोष उघड सांगितले. लोकांनी बायबल आपल्या भाषेत वाचावे, असे त्यांचे म्हणणे. त्यातून जो पंथ निघाला, तो प्रॉटेस्टंट. जे रोमच्या पोपला मानत राहिले, ते कॅथलिक.

बाउत्सेनचे बहुतेक लोक प्रॉटेस्टंट झाले. चर्चचे धर्मगुरू मात्र कॅथलिकच राहिले. आता चर्च कुणाचे? डोकी फुटायला एवढे कारण पुरे होते. इतर ठिकाणी अशा वादातून लढायासुद्धा झाल्या.

इथे मात्र तोड निघाली. १५२४ सालापासून दोन्ही मंडळ्या एकाच छपराखाली उपासना करू लागल्या. वेदीकडची पुढची बाजू कॅथलिकांची. मागची मोठी बाजू प्रॉटेस्टंटांची. मधे उंच कठडा. कुणी केव्हा उपासना करायची, त्या वेळा ठरल्या. ठरले ते लिहून ठेवले.

पुढे योहान लायझेनट्रिट हे तिथले कॅथलिक प्रमुख झाले. त्यांनी १५६७ साली गीतांचे पुस्तक छापले. त्यात प्रॉटेस्टंटांची काही गीतेही घेतली. चांगले गीत कुणाचे का असेना, ते देवाचेच!

आजही त्या चर्चमध्ये दोन वेद्या आहेत. ऑर्गन नावाचे मोठे वाद्य, तेही दोन आहेत. कठडाही आहे. पण पूर्वी तो डोक्याच्या वर होता. आता कमरेएवढा आहे. पलीकडचा माणूस दिसतो.

कुणी आपला पंथ सोडला नाही. दोन्ही मंडळ्या तिथेच राहिल्या. पाणवठा असो, चावडी असो की देऊळ असो. वेळ ठरवावी, हद्द ठरवावी, कागद करावा आणि दिला शब्द पाळावा. म्हणजे एक जागा दोघांना पुरते.

प्रश्न
१. चर्च कुणाचे, हा वाद का उभा राहिला?
२. दोन्ही मंडळ्यांनी काय काय ठरवले?
३. तुमच्या गावात सगळ्यांची मिळून एक अशी कोणती जागा आहे? तिथे काय ठरवायला हवे?